खोकलं की थेंब जातो, पण सांगायचं कुणाला?

सांध्यांच्या डॉक्टरांपुढे बाई बोटांची सूज दाखवते, गुडघा दाखवते, गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करते. खोकताना लघवीचे थेंब जातात किंवा अंग खाली आल्यासारखं वाटतं, हे मात्र ती सांगत नाही. लाज वाटते हे एक कारण. शिवाय सांध्यांच्या आजाराशी याचा काय संबंध, असंही तिला वाटतं. संबंध असतो.

जांघेच्या पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर पेललेले असतात. यालाच पेल्विक फ्लोअर म्हणतात.

‘बाळंतपणं झाली, वय झालं, हे चालायचंच.’ बाळंतपणाने आणि वयाने हे स्नायू सैलावतात, ते खरंच. पण ऱ्हुमॅटॉइड संधिवात, ल्युपस, स्क्लेरोडर्मा, शोग्रेन अशा आजारांत त्याखेरीजही कारणं असतात, त्यामुळे अविवाहित मुलीलाही हा त्रास होऊ शकतो. स्टिरॉइड बरीच वर्षं चालू राहिलं की स्नायू दुबळे होतात, वजन वाढतं. आजार फुप्फुसात शिरला असेल तर खोकला सुरू होतो आणि प्रत्येक ढास खालच्या स्नायूंवर आदळते.

कधी कधी तर स्नायूंचा दोषच नसतो. संधिवाताच्या बाईचे सांधे सकाळी आखडलेले असतात. लघवीची घाई लागते, पण खाटेवरून उठायलाच वेळ जातो. संडासात पोचेपर्यंत धीर धरला तरी सुजलेल्या बोटांना सलवारीच्या नाडीची गाठ सुटत नाही, आणि तिथेच निसटते. इथे मूत्राशयाचं औषध देऊन काय होणार? नाडीऐवजी इलॅस्टिक, उंच कमोड, भिंतीला धरायला दांडा आणि संधिवातावर नीट उपचार, हाच इथला इलाज.

‘शौचावर ताबा राहत नाही, म्हणजे पोट बिघडलंय.’ स्क्लेरोडर्मात हे अर्धंच खरं असतं. गुदद्वाराला दोन वळ्या असतात. बाहेरची आपण मनाने आवळतो, आतली आपोआप मिटलेली राहते. स्क्लेरोडर्मात ही आतली वळी झिजून पातळ होते आणि तिथे कडक तंतू साठतात. मग बाईला न कळताच कपड्याला डाग पडतो. त्यातच आतड्याची हालचाल मंदावल्याने लहान आतड्यात जिवाणू माजतात आणि जुलाब होतात. पातळ शौच अडवणं तर आणखी अवघड. या जुलाबांवर प्रतिजैविकांचा उपचार आहे, आणि जुलाब आवरले की डाग पडणंही बरंच कमी होऊ शकतं. तरी कितीतरी बायका जेवण तोडतात, लग्नाकार्याला जाणं सोडतात, पण डॉक्टरांना सांगत नाहीत.

‘केगल व्यायाम केला की झालं.’ अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी 1948 मध्ये पेल्विक फ्लोअरचे स्नायू आवळून सोडण्याचा हा व्यायाम मांडला. खोकताना-शिंकताना लघवी निसटत असेल, तर आजही पहिला उपाय हाच. रोज तीन वेळा, दर वेळी किमान आठ आकुंचनं, निदान तीन महिने. आठवड्याभरात गुण येत नाही म्हणून सोडून देऊ नये, आणि लघवीची धार अडवून तर तो रोज करूच नये.

पण स्नायू सैल नसून आवळलेलेच असतील तर? शोग्रेनमध्ये डोळे-तोंडाप्रमाणे योनीही कोरडी पडते, संबंधाच्या वेळी दुखतं आणि दुखण्याच्या धास्तीने स्नायू घट्ट होतात. अशा बाईने केगल केलं तर दुखणं वाढू शकतं. तिला आधी स्नायू सैल सोडायला शिकायचं असतं, कोरडेपणावर उपचार घ्यायचा असतो. म्हणून मोबाइलवर बघून सुरुवात करण्याआधी एकदा पेल्विक फ्लोअरच्या फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावं.

‘पाणी कमी प्यायलं की लघवी निसटणार नाही.’ उलट होतं. घट्ट लघवी मूत्राशयाला टोचते, बद्धकोष्ठ वाढतं, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना जंतुसंसर्ग परवडत नाही.

‘स्टिरॉइडमुळेच झालं, मग बंदच करते.’ हे करू नका. बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

‘पिशवी काढली की सगळं थांबेल.’ गर्भाशय काढल्याने लघवीची गळती बरी होत नाही. अंग खाली आलं असेल तरी व्यायाम आणि आत बसवायची रिंग हे पर्याय आहेत. शस्त्रक्रियेची घाई बहुतेकदा नसते.

घाई करायची ती दोन वेळा. लघवी अचानक अडली किंवा ताबा सुटला आणि सोबत पाय लुळे किंवा बधिर पडले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा; ल्युपसमध्ये मज्जारज्जूला सूज येऊ शकते. सायक्लोफॉस्फामाइड हे औषध चालू असताना लघवीत रक्त दिसलं, तरीही तसंच.

एरवी पुढच्या तपासणीला जाताना तीन दिवसांची नोंद वहीत लिहून न्या: किती पाणी प्यायलं, किती वेळा लघवीला गेलात, केव्हा निसटली. डॉक्टरांनी विचारलं नाही, तर आपणहून वही पुढे करा.