नेट नाही म्हणून अडतंय कशाला?

मैत्रिणींनो, घरातल्या वायरींना हात लावायचा म्हटलं की आपला हात आपोआप मागे येतो, नाही का? कुकरची शिटी, गॅसची नळी, शिलाई मशीनचा पट्टा हे सगळं आपण न घाबरता बघतो. टीव्हीची मागची बाजू मात्र घरातल्या पुरुषमंडळींची! माझंही गेल्या वर्षापर्यंत असंच होतं. मामंजींच्या आजारपणाने मला त्या मागच्या बाजूला जायला लावलं. त्याचीच ही हकिगत, आणि त्यातून जे शिकले ते तुमच्यासाठी.

गेल्या श्रावणात मामंजींना अर्धांगाचा झटका आला. जिवावरचं शेपटावर निभावलं. हातपाय हळूहळू हलू लागले, पण बोलणं गेलं. समोरचं सगळं कळतं, शब्द मात्र ओठांपर्यंत येत नाही. चाळीस वर्षं दुकानाच्या गल्ल्यावर बसून सगळ्या गावाशी बोलणारा माणूस एकदम गप्प झाला. स्पीच थेरपिस्ट बाईंनी तोंडाचे आणि उच्चारांचे व्यायाम शिकवले. ते स्वतः करून दाखवतानाचे दहा-बारा व्हिडिओ आमच्या धाकटीच्या टॅबवर घालून दिले आणि बजावलं, "रोज दोन वेळा, माझ्या तोंडाकडे बघत बघत करायला लावा. सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात, सराव चुकवू नका."

सांगणं सोपं, करणं कठीण! टॅब तो केवढा, पाटीएवढा. मामंजींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. त्या एवढ्याशा चित्रातले बाईंचे ओठ त्यांना दिसेनात. शिवाय नातीचं खेळणं पुढ्यात धरून आपल्याला 'आ, ई, ऊ' म्हणायला लावतात याचा त्यांना अपमान वाटत असावा. टॅब समोर आणला की ते भिंतीकडे तोंड फिरवत. चार दिवस व्यायाम झालाच नाही. पाचव्या दिवशी सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "टीव्हीपुढे बसवलं की कसे तासभर हलत नाहीत बघ!"

झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळला. बाई टीव्हीवर दिसल्या तर?

ह्यांची नोकरी परगावी, शनिवारी घरी येतात. फोनवर विचारलं तर उत्तर आलं, "त्याला स्मार्ट टीव्ही लागतो, घरात वायफाय लागतं. दिवाळीनंतर बघू. आणि तू त्या वायरींना हात लावू नकोस, काहीतरी जळेल!" आमचा टीव्ही २०१३ सालचा, साधा. घर जांभ्या दगडाचं. मोबाइलचं नेट ओटीवर कसंबसं येतं, माजघरात येतच नाही. आणि दिवाळी म्हणजे आणखी अडीच महिने. तोवर महत्त्वाचे महिने निघून जायचे.

मी अर्धवेळ शिक्षिका आहे. दुसऱ्या दिवशी शाळेत आमच्या गणिताच्या बाईंजवळ रडगाणं गायले. त्या हसून म्हणाल्या, "अगं, व्हिडिओ टॅबमध्येच आहेत ना? मग नेट हवंय कशाला? वायरने टीव्हीवर ने."

किती साधी गोष्ट! नेट लागतं ते बाहेरची वस्तू घरात आणायला. पिठाचा डबा भरलेला असताना गिरणी बंद आहे म्हणून कुणी उपाशी राहतं का?

वायर कोणती आणि कुठे?

टीव्हीच्या मागे किंवा बाजूला चपट्या, दोन्ही कोपरे कापल्यासारख्या खाचा असतात. त्यांवर 'एचडीएमआय' अशी इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडा असतो. सेट टॉप बॉक्सची वायर बहुधा यातल्याच एकीत असते. या वायरीतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात, आवाजासाठी वेगळी वायर लागत नाही. हा प्रकार २००२ सालच्या अखेरीस ठरला, त्यामुळे आपल्या घरातल्या बहुतेक चपट्या टीव्हींना ही खाच असतेच.

टॅबला मात्र चार्जिंगची एकच खाच असते. म्हणून मधे एक अडॅप्टर लागतो. त्याचं एक टोक टॅबच्या खाचेत बसतं आणि दुसऱ्या बाजूला एचडीएमआयची वायर बसते. तालुक्याच्या बाजारातून मी बाराशेला अडॅप्टर आणि दोनशेला तीन मीटरची वायर आणली. ट्यूशनचे साठवलेले पैसे होते, कुणाला विचारावं लागलं नाही.

आणि फजिती!

टीव्हीचं बटण बंद केलं, देवाचं नाव घेतलं, वायर जोडली, बटण चालू केलं. टीव्हीवर निळा पडदा आणि 'नो सिग्नल'! माझ्या छातीत धस्स झालं. चौदाशे रुपये पाण्यात गेले, वर टीव्हीही बिघडवला की काय?

दुसऱ्या दिवशी अडॅप्टर शाळेत नेला. बाईंनी तो आपल्या टॅबला लावून शाळेच्या टीव्हीला जोडला, तर चित्र लख्ख! म्हणजे अडॅप्टर चांगला, टीव्हीही बिघडलेला नाही. खोट आमच्या टॅबमध्ये. खोट तरी कशी म्हणू? त्याच्यात ती सोयच नव्हती.

हे नीट समजून घ्या, कारण पैसे वाया जातात ते इथेच. हल्लीच्या टॅबची ती लंबगोल 'सी टाइप' खाच बाहेरून सगळीकडे सारखीच दिसते. पण स्वस्त टॅबमध्ये ती फक्त चार्जिंग आणि फायलींसाठी जोडलेली असते, चित्र बाहेर पाठवायची जोडणी आत केलेलीच नसते. मोरीत नळ दिसावा आणि मागे पाइपच नसावा, तसं! म्हणून आधी टॅबच्या माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट' किंवा 'व्हिडिओ आउट' असे शब्द आहेत का ते बघा. नसतील तर अडॅप्टर घेऊ नका. दुकानदार "सगळ्यांना चालतो" म्हणाला तरी आपला टॅब सोबत नेऊन दुकानातल्या टीव्हीवर लावून बघा, मगच पैसे द्या. आयपॅडचं थोडं बरं आहे. सी टाइप खाचेच्या आयपॅडमधून चित्र बाहेर येतं. जुन्या, लाइटनिंग खाचेच्या आयपॅडला त्याच कंपनीचा वेगळा अडॅप्टर मिळतो.

मग पेन ड्राइव्हचा प्रयोग केला. दोन तोंडांचा पेन ड्राइव्ह मिळतो, एक तोंड टॅबला बसतं आणि दुसरं टीव्हीला. व्हिडिओ त्यावर घेतले आणि टीव्हीच्या यूएसबी खाचेत लावले. फायलींची नावं दिसली, पण व्हिडिओ चालेनात. नव्या धर्तीने भरलेले व्हिडिओ जुन्या टीव्हीला उलगडता येत नाहीत, असं कळलं. वायरीचा फायदा इथेच आहे. वाचायचं काम टॅब करतो, टीव्हीने नुसतं दाखवायचं.

शेवटी वन्संना फोन केला. त्यांचा जुना पण भारी टॅब कपाटात पडून होता. "वहिनी, बाबांसाठी तो पडून काय करायचाय?" म्हणत त्यांनी तो एस. टी.ने येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर पाठवला. पेन ड्राइव्हवरचे व्हिडिओ त्यावर घेतले, वायर जोडली, रिमोटवरचं 'सोर्स' बटण दाबून 'एचडीएमआय २' निवडलं. आणि काय सांगू, स्पीच थेरपिस्ट बाई टीव्हीभर हसत होत्या!

मामंजी खुर्ची ओढून बसले. बाईंनी 'आ' केला, त्यांनीही केला. शेजारी सासूबाईंनीही केला! शनिवारी हे आले, दारातच थबकून बघत राहिले. बऱ्याच वेळाने एवढंच विचारलं, "कुठली गं वायर?"

करताना एवढं सांभाळा

१. जोडताना टीव्हीचं मुख्य बटण बंद ठेवा. खाचेत वायर जोराने खुपसू नका, बसत नसेल तर उलटी करून बघा.

२. सेट टॉप बॉक्सची वायर काढू नका, दुसरी खाच वापरा. जिच्यात वायर लावली तिचाच आकडा रिमोटवरून निवडा. 'नो सिग्नल' दिसलं की पहिल्यांदा हेच तपासा.

३. चार्जिंगची वेगळी खाच असलेला अडॅप्टर घ्या. नाहीतर टॅबची बॅटरी ऐन वेळी संपते.

४. वायर जाण्यायेण्याच्या वाटेत सोडू नका. घरात म्हातारी माणसं असतील तर भिंतीकडेनेच न्या.

५. सिनेमाच्या काही ॲपांचं चित्र टीव्हीवर काळं दिसतं. ती नक्कल होऊ नये म्हणून केलेली व्यवस्था असते, तुमची चूक नव्हे.

६. टीव्ही डब्यासारखा जुना, लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचा असेल तर मधे एक कन्व्हर्टर लागतो. तो 'एचडीएमआय ते एव्ही' असाच मागा. 'एव्ही ते एचडीएमआय' हा उलट्या दिशेचा असतो, दिसायला अगदी जुळा भाऊ!

ज्यांचा टॅब वायरीतून चित्र देत नाही पण टीव्ही स्मार्ट आहे, त्यांनी टीव्हीच्या मेनूत 'स्क्रीन मिररिंग' शोधावं. दोन्हींत 'मिराकास्ट'ची सोय असेल तर टॅब आणि टीव्ही थेट एकमेकांशी जोडले जातात, राउटर किंवा इंटरनेट लागत नाही. टॅबमधले व्हिडिओ असेही दाखवता येतात.

मुलांसाठीही याचा उपयोग होतो हं! मी शाळेत नेट असताना 'दीक्षा' ॲपवरचे धडे टॅबमध्ये उतरवून आणते आणि संध्याकाळी ट्यूशनच्या मुली टीव्हीवर बघतात. एका टॅबवर आठ डोकी वाकायची, ते बंद झालं.

आणि मामंजी? पूर्वीसारखं बोलत नाहीत, खोटं कशाला सांगू? बाई म्हणतात, वेळ लागेल. पण व्यायाम एकही दिवस चुकला नाही. दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. व्हिडिओ चालू होता आणि मी टीव्हीसमोर उभी राहून वायर सारखी करत होते. मागून आवाज आला, "सरक."

झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला स्पष्ट शब्द, आणि तोही मला रागावून! मी सरकले, आणि स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडून घेतलं.

तेव्हा मैत्रिणींनो, टीव्हीची मागची बाजू एकदा बघाच. तिथे घाबरण्यासारखं काही नाही, थोडी धूळ मात्र नक्की सापडेल!