जुन्या संगणकाची मांडणी आणि कीड-सर्वेक्षणातील तारखा

गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग आढळले, की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली गेली असे मानले जाते. ‘सलग’ हा शब्द या निकषाचा प्राण आहे. शेतातील मोजणी अचूक असली, तरी संगणकात तारीख चुकीची बसली तर पातळी गाठल्याचे लक्षातच येत नाही आणि फवारणीच्या सल्ल्याची वेळ निघून जाते.

हवामान नोंदयंत्राची जुनी आज्ञावली नव्या संगणकावर चालत नाही, म्हणून काही ठिकाणी विंडोज ७ प्रणालीचे संगणक अद्याप वापरात आहेत. २००९ मध्ये आलेल्या या प्रणालीची सर्वसाधारण सुरक्षा अद्यतने १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. असा संगणक शक्यतो इंटरनेटपासून अलग ठेवावा आणि पुढील बाबी हंगामापूर्वी तपासाव्यात.

तारखेचे स्वरूप : प्रणालीत अमेरिकी पद्धत निवडलेली असल्यास एक्सेल आधी महिना व नंतर दिवस वाचते. ५, ६ आणि ७ ऑगस्टच्या नोंदी ०५/०८, ०६/०८ आणि ०७/०८ अशा भरल्या, तर त्या अनुक्रमे ८ मे, ८ जून आणि ८ जुलै होतात. तीन सलग रात्री तीन महिन्यांत विखुरतात. १३ तारखेपासून पुढच्या नोंदी मात्र तारीख म्हणून ओळखल्याच जात नाहीत. त्या मजकूर म्हणून रकान्यात डावीकडे सरकलेल्या दिसतात. ही खूण ओळखण्यास सोपी आहे. कंट्रोल पॅनेलमधील ‘रीजन अँड लँग्वेज’ येथे इंग्रजी (इंडिया) हे स्वरूप निवडावे. या बदलाने आधी चुकलेल्या तारखा आपोआप सुधारत नाहीत. त्या मूळ नोंदवहीशी ताडून दुरुस्त कराव्या लागतात.

घड्याळ : वीजपुरवठा बंद केल्यानंतर तारीख वारंवार मागे जात असल्यास मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली असण्याची शक्यता अधिक. बहुतेक डेस्कटॉपमध्ये ती ३ व्होल्टची सीआर २०३२ असते. संगणक बंद करून वीजजोडणी काढल्यावरच ती बदलावी, त्यानंतर बायोसमध्ये तारीख व वेळ भरावी. नोंदयंत्राचे घड्याळ संगणकावरून जुळवले जात असेल, तर संगणकाची चूक तापमानाच्या नोंदींतही उतरते.

सुरुवातीचा वेग : स्टार्ट मेनूतून ‘सिस्टम कॉन्फिगरेशन’ उघडून ‘स्टार्टअप’ विभागातील अनावश्यक आज्ञावलींसमोरील खूण काढावी. अँटिव्हायरस, मराठी टंकलेखनाची आज्ञावली आणि नोंदयंत्राशी संबंधित आज्ञावली कायम ठेवाव्यात. ‘सर्व्हिसेस’ विभागात मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवण्याचा पर्याय आधी निवडावा, म्हणजे मूलभूत सेवा चुकून बंद होणार नाहीत. ‘बूट’ विभागात प्रोसेसरची संख्या वाढवून वेग मिळतो, हा समज खरा नाही. तेथे खूण नसताना प्रणाली सर्व प्रोसेसर वापरतेच. त्याच विभागातील ‘सेफ बूट’वर खूण राहिली, तर ती काढेपर्यंत संगणक प्रत्येक वेळी सेफ मोडमध्येच सुरू होतो.

निद्रावस्था : नोंदयंत्रातून माहिती उतरवत असताना संगणक निद्रावस्थेत गेल्यास काम अर्धवट राहते. ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये निद्रावस्थेचा कालावधी ‘नेव्हर’ ठेवावा.

कोणताही बदल करण्यापूर्वी ‘सिस्टम प्रोटेक्शन’मध्ये रिस्टोअर पॉइंट तयार करावा. त्यामुळे प्रणालीची मांडणी पूर्ववत करता येते, परंतु पुसल्या गेलेल्या एक्सेल फायली परत मिळत नाहीत. त्यांची प्रत बाह्य डिस्कवर स्वतंत्र ठेवावी. एका वेळी एकच बदल करून संगणक पुन्हा सुरू करावा. काही बिघडलेच, तर कारण कोणते हे लगेच कळते. संगणक सुरूच होत नसल्यास प्रारंभी एफ ८ कळ दाबून सेफ मोड किंवा ‘लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन’ हा पर्याय निवडता येतो.

शेवटी एक साधी चाचणी करावी : रिकाम्या एक्सेल पानावर १३ तारखेची एक नोंद भरावी व महिना अक्षरी दाखवण्याचे स्वरूप द्यावे. महिन्याचे नाव योग्य उमटले, तरच सापळ्यांचे आकडे भरण्यास प्रारंभ करावा.