टाका का वितळत नाही?

उज्जैनमध्ये महाकाल मंदिराच्या आसपास ई-रिक्षांची वर्दळ मोठी. त्यांचे चार्जर बिघडतात आणि त्यातले बोर्ड फ्रीगंजातल्या एखाद्या दुरुस्तीच्या टेबलावर येऊन पडतात. तांदळाच्या दाण्याहून लहान कपॅसिटर बदलायचा असतो. सोल्डरिंग आयर्न टेकवताच एका टोकाचा टाका पाघळतो, पण दुसरं टोक काही केल्या दाद देत नाही. ते ग्राउंडला, म्हणजे बोर्डभर पसरलेल्या तांब्याच्या थराला सरळ चिकटलेलं असतं. जेवढी उष्णता द्यावी, तेवढी तो थर ओढून नेतो. त्यातून शिसं असलेलं सोल्डर १८३ अंशांना वितळायचं, आताच्या बिनशिशाच्या सोल्डरला सुमारे २१७ लागतात.

यावर डिझायनरची युक्ती साधी असते. पॅडभोवतीचं, म्हणजे टाका बसतो त्या तांब्याच्या तुकड्याभोवतीचं तांबं काढून टाकायचं आणि चार अरुंद दांड्यांनीच पॅड थराला जोडायचा. पण मग वीज नाही का अडत? हिशेबच करू. पाव मिलिमीटर रुंद, तेवढीच लांब आणि ३५ मायक्रॉन जाड अशा दांडीचा रोध जेमतेम अर्धा मिलिओहम. चौघींतून मिळून १० अँपिअर गेले, तरी वाया जातो फक्त ०.०१२ वॅट. उष्णतेचं गणित मात्र वेगळं. पॅड थरापेक्षा २०० अंशांनी तापलेला असला, तरी याच चार दांड्यांतून ११ वॅटच्या आसपासच उष्णता निसटते. आयर्न तेवढ्याला पुरून उरतं.

कारखान्यातल्या भट्टीत तर वेगळाच घोळ होतो. मिलिमीटरभर लांबीच्या भागाच्या एका टोकाचं सोल्डर आधी वितळलं, की त्या द्रव सोल्डरचा पृष्ठताण भागाला तिकडे खेचतो आणि तो एका टोकावर चक्क उभा राहतो. दांड्यांमुळे दोन्ही पॅड सारखेच तापले, तर हा धोका कमी.

डिझाइनची सॉफ्टवेअर बहुधा सगळ्याच पॅडना दांड्या लावून मोकळी होतात. हा आळस मला खटकतो. चार्जरमधला मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) किंवा मोठा एलईडी स्वतःच तापतो. त्याची उष्णता तांब्यातूनच बाहेर जायची असते, तिथे दांड्या म्हणजे भाग जाळायची सोय. तिथे जोड सरळच हवा. तो बदलताना कारागिराला त्रास पडतो, हे खरं: आधी बोर्ड खालून शंभरेक अंशांपर्यंत तापवायचा, आणि मगच वरून गरम हवा सोडायची.