डोक्याचा फोटो काय सांगतो?

‘डॉक्टर, एकदा याच्या डोक्याचा फोटो काढा ना.’ पुसद, वणी, उमरखेडहून यवतमाळला मानसोपचारासाठी आलेली घरची माणसं असं हमखास म्हणतात. पोराला कोणी नसताना आवाज ऐकू येतात, शेजारी कट रचताहेत अशी खात्री वाटते. मग हा स्किझोफ्रेनिया फोटोत दिसेल का?

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन तो घेतो सुमारे २० टक्के. त्याच्याजवळ साठा जवळपास नसतोच. म्हणून जो भाग कामाला लागतो, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या काही सेकंदांत रुंदावतात आणि तिथे रक्त जास्त जातं. ओलिताच्या शेतात ओल बघून पाणी कुठे वळवलं ते कळतं, तसंच हे.

ही ओल मोजण्याची एक तपासणी म्हणजे स्पेक्ट. हाताच्या शिरेतून टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ जोडलेलं औषध टोचतात. ते एक-दोन मिनिटांत मेंदूत शिरून तिथेच अडकतं. जिथे रक्त जास्त, तिथे ते जास्त. मग गॅमा कॅमेरा डोक्याभोवती फिरून किरण मोजतो. फोटो नंतर निघाला तरी त्यात दिसतो तो टोचल्या क्षणीचा रक्तप्रवाह. एमआरआयच्या एका पद्धतीत तर टोचावंही लागत नाही. मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्यालाच चुंबकाच्या मदतीने खूण करतात.

१९७४ साली स्वीडनमध्ये इंगवार आणि फ्रान्झेन यांना स्किझोफ्रेनियाच्या जुन्या रुग्णांच्या मेंदूत कपाळामागच्या भागाकडे रक्त तुलनेने कमी जाताना दिसलं. १९९३ साली लंडनमध्ये मॅकग्वायर व सहकाऱ्यांनी १२ रुग्णांना आवाज येत असताना तपासलं आणि आवाज थांबल्यावर पुन्हा तपासलं. आवाज येताना बोलणं घडवणाऱ्या ब्रोका भागात रक्तप्रवाह वाढलेला होता. म्हणजे ते आवाज सोंग नव्हे, भानामतीही नव्हे. ते मेंदूतच घडतात.

तरीही हे निष्कर्ष अनेकांच्या सरासरीचे आहेत. औषधं, वय, धूम्रपान यांनीही रक्तप्रवाह बदलतो. एकट्या माणसाच्या फोटोवरून निदान होत नाही. डॉक्टर सीटी किंवा एमआरआय सांगतात ते गाठ, सूज असं दुसरं काही नाही ना, हे बघायला.

निदान होतं ते बोलण्यातून. झोप कधीपासून उडाली, आवाज काय म्हणतात, पोरगा कोणाला भितो, ही माहिती घरच्यांकडेच असते. ती लिहून आणा, काही लपवू नका. दवाखाना दूर असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर आजच बोला. फोटोसाठी उपचार थांबवू नका.