नळ सोडून पाहणारे हिशेबनीस

परवा नेऱ्याच्या वर्गात मी विचारलं, "देशाची प्रगती कशी मोजाल?" एक जण उठला, "बाई, शाळांत किती स्वच्छतागृहं बांधली ते मोजायचं!" छान. पण 'बांधली' असं कळवलं म्हणजे खरंच बांधली का?

ते तपासतात भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे 'कॅग'. हे पद राज्यघटनेनेच (कलम १४८) निर्माण केलंय, म्हणून ते सरकारचाही हिशेब बेधडक तपासतात.

सरकारी कंपन्यांनी शाळांत बांधायच्या स्वच्छतागृहांपैकी २,६९५ ठिकाणांची तपासणी 'कॅग'ने केली. अहवाल २०२० साली संसदेत आला. ८३ ठरवूनही बांधलीच नव्हती. आणखी २०० कागदावर होती, शाळेत नव्हती! ८६ अर्धवट. वजाबाकी करा पाहू. उरली २,३२६. त्यांतल्या १,६७९ मध्ये नळाचं पाणीच नव्हतं.

पाणी नसलं की मोठ्या मुलींची शाळा बुडते, हे आयांना सांगायला नको. आकड्यांत मात्र ते स्वच्छतागृह 'झालं' म्हणूनच मोजलं जातं.

मग आमच्या वर्गानेही वही घेतली, शाळेतला एकेक नळ सोडून पाहिला. एकीने विचारलं, "बाई, थेंबथेंब गळणारा नळ चालू धरायचा की बंद?"