मोटारी वाहणारा ट्रेलर आणि त्याचा चालक



गळीत हंगाम म्हटला की तोडणी आणि वाहतूक या दोन गोष्टींभोवती आपले सगळे गणित फिरते. ऊस कितीही चांगला पिकवा, तो गव्हाणीत वेळेवर पडला नाही तर वजन घटते आणि उताराही घसरतो. तरीपण ज्याच्या हातात स्टिअरिंग असते, त्या चालकाचा विचार आपण सर्वांत शेवटी करतो.

आपल्याकडची बरीच मुले हंगामात ऊस ओढतात आणि पट्टा पडला की बाहेरच्या गाड्यांवर जातात. अलीकडे काहीजण नव्या मोटारी वाहून नेणाऱ्या लांब ट्रेलरवर जाऊ लागले आहेत. कामानिमित्त महाड-पोलादपूरकडे जाणे झाले, तेव्हा महामार्गावर थांबलेल्या अशा चालकांशी आम्ही मुद्दाम बोललो. त्यातून जे कळले ते सभासदांपुढे ठेवीत आहोत.

वजन कमी, जोखीम जास्त

उसाच्या ट्रकला वजनाची काळजी, तर या गाडीला लांबी-उंचीची. लहान मोटारी असल्या तर दोन मजल्यांवर आठपर्यंत बसतात. एका मोटारीचे वजन टनाच्या आसपास धरले, तरी सगळा माल आठ-नऊ टनांचा. आपला दहाचाकी उसाचा ट्रक याहून जास्त ओढतो! पण जोड ट्रेलरची लांबी नियमाप्रमाणे १८.७५ मीटरपर्यंत, म्हणजे साठ फुटांच्या वर जाते. पुढचे तोंड वळणातून निघाले तरी शेपूट अजून वळणातच असते. वर झाडाची फांदी, विजेची तार, गावातली कमान, सगळ्यांकडे नजर ठेवावी लागते.

भरण्याचेही तंत्र आहे. आधी वरचा मजला भरायचा, मग खालचा. प्रत्येक मोटारीचे हँडब्रेक ओढून चाके पट्ट्यांनी आवळायची. थोडे अंतर गेले की उतरून पट्टे पुन्हा तपासायचे, कारण धक्क्यांनी ते सैल पडतात. उसाची एखादी मोळी वाटेत पडली तर दहा-पंधरा किलोचे नुकसान. इथे फांदी घासून नुसता एक चरा उमटला, तरी माल घेणारा कागदावर तशी नोंद करतो. पुढे ती रक्कम भत्त्यातून कापली जाते, अशी बहुतेकांची तक्रार होती. म्हणून जाणता चालक माल ताब्यात घेतानाच प्रत्येक मोटारीभोवती फिरतो आणि आधीचे ओरखडे लिहून घेतो.

जवळची वाट, लांबचा फेरा

पुण्याजवळ चाकणला मोटारींचे मोठे कारखाने आहेत. तिथून महाडला यायचे तर नकाशावर वरंध घाट जवळचा. वाई-महाबळेश्वरकडून उतरायला आंबेनळी आहे. पण एवढ्या लांब गाडीला ती वळणे कशी जमणार? म्हणून घाट उतरून पनवेल, पेण, माणगाव असा फेरा घेऊन महाड गाठायचे. चिपळूण-रत्नागिरीचा माल असला तर पोलादपूरच्या पुढे कशेडी घाट येतो. २०२३ च्या गणेशोत्सवापूर्वी तिथला एक बोगदा आधी हलक्या वाहनांसाठी खुला झाला. घाट उतरताना नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली तर ब्रेक तापून निकामी होतात. “ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं,” असे एका जुन्या चालकाने आम्हाला सांगितले. आपल्या ट्रॅक्टरवाल्यांनीही हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या भागातला पाऊस वेगळा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या वाहून गेल्या. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. पण नदीला पाणी चढले की गाडी कडेला घ्यावी, उशीर झाला तर झाला, ही गोष्ट चालक मंडळी आजही एकमेकांना सांगतात.

नंबर आणि रिकामी फेरी

आपल्या यार्डात उसाची गाडी नंबर लावून उभी राहते, तसाच हा ट्रेलरही कारखान्याच्या फाटकाबाहेर उभा राहतो. कधी एक दिवस, कधी दोन. जिथे पैसे फेरीवर मिळतात तिथे या दिवसांचे काही मिळत नाही. शिवाय या सांगाड्यावर दुसरा माल भरता येत नाही. परतीला मोटारी मिळाल्या नाहीत तर गाडी रिकामीच आणावी लागते. मग दोन दिवस वाया गेलेला चालक रात्रभर गाडी मारून ते भरून काढू बघतो. खरा धोका इथे आहे. घाटापेक्षा झोप वाईट!

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असा नियम घातला होता. पण फेरीवर पैसे असले की घड्याळ कोण बघतो?

सभासदांना विनंती

१. मुलगा अशा कामावर जात असेल तर पगार, भत्ता, थांबण्याच्या दिवसांचे पैसे आणि नुकसानीची जबाबदारी हे आधी ठरवून कागदावर घ्यावे.

२. अवजड वाहनाचा परवाना आणि गाडीचा विमा चालू आहे का, हे स्वतः बघावे.

३. आपल्या उसाच्या गाडीचा चालक रात्रभर यार्डात जागला असेल, तर त्याला लगेच दुसऱ्या खेपेला पाठवू नये. दोन तास झोपू द्यावे.

४. ट्रॉली आणि बैलगाडीच्या मागे लाल परावर्तक पट्टी जरूर लावावी. मागून येणाऱ्याला अंधारात ऊस दिसत नाही, पट्टी दिसते.

चरा पडलेली मोटार पुन्हा रंगवता येते, सांडलेला ऊस पुन्हा भरता येतो. घरचा कर्ता माणूस मात्र एकदाच असतो. तेव्हा येत्या हंगामात टनेजबरोबर चालकाच्या झोपेचाही हिशेब ठेवू या.