पक्षी एक, प्रश्न चार

प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास विद्यापीठात कोणत्या शाखेच्या पदरी घालावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वेळापत्रकाचा भासतो. परंतु विचारांती तो शिक्षणाच्या मर्मालाच भिडतो. प्राणिशास्त्रज्ञ म्हणतो, हा विषय आमचा. मानसशास्त्रज्ञ त्यावर आपला हक्क सांगतो. शरीरक्रियाशास्त्रज्ञही मागे राहत नाही. प्राणी मात्र बिचारा एकच असतो!

काळ्या डोक्याच्या कुरव पक्ष्याचेच उदाहरण घेऊ. हा समुद्रपक्षी जमिनीवर घरटे करतो, आणि पिलू बाहेर पडल्यावर अंड्याचे रिकामे कवच चोचीत धरून दूर नेऊन टाकतो. का? ऑक्सफर्डचे निको टिनबर्गेन, ज्यांना १९७३ साली लोरेन्झ आणि फॉन फ्रिश यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी आपल्या शिष्यांसमवेत हा प्रश्न धसास लावला. 'का' या एका अक्षरात चार प्रश्न दडलेले असतात, असे त्यांनी १९६३ साली प्रतिपादिले.

पहिला प्रश्न निकट कारणाचा: कवचाचा रंग, त्याची पातळ कड, यांपैकी काय दिसले म्हणजे पक्षी हालचाल करतो? दुसरा, ही सवय उपजत की अनुभवाने आलेली? तिसरा उपयोगाचा. या मंडळींनी फुटकी कवचे काही अंड्यांच्या जवळ आणि काहींच्या दूर ठेवून पाहिली. कवच जितके जवळ, तितकी ती अंडी भक्षकांच्या तोंडी अधिक पडली. चौथा कुळाचा: याच कुळातील किटिवेक पक्षी उभ्या कड्यावर घरटे करतो. तेथे शत्रूचा उपद्रव थोडा, आणि किटिवेक कवच टाकण्याची तसदी घेत नाही.

ज्यांनी तर्कसंग्रह चाळला असेल, त्या वाचकांना ही विचारसरणी परकी वाटणार नाही. घटाचे समवायी कारण माती, निमित्तकारण कुंभार. एक सांगितल्याने दुसरे खोटे ठरत नाही. कुरवाचे वर्तन आमच्या पूर्वजांस ठाऊक होते, असे आम्हांस येथे सुचवावयाचे नाही. 'कारण' शब्दाची फोड करण्याची शिस्त तेवढी आम्हांस अभिप्रेत आहे.

ती शिस्त नसेल तर काय होते? एक विद्यार्थी म्हणतो, पांढरी कड दिसली म्हणून पक्ष्याने कवच उचलले. दुसरा म्हणतो, पिलाच्या रक्षणासाठी उचलले. आणि दोघे व्यर्थ भांडतात. वस्तुतः दोघेही खरे बोलत असतात. रक्षण हे त्या कृतीचे फळ होय; ते पक्ष्याच्या मनात असलेच पाहिजे असे नाही. हे न उमगल्यास आपण पाखराला एक तर तत्त्वज्ञ बनवितो, नाही तर यंत्र.

म्हणून निरनिराळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवावे, महाविद्यालयाच्या आवारातील एखादा कावळा महिनाभर न्याहाळावयास लावावे, आणि परीक्षेत उत्तराबरोबरच 'हे चारांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर?' असेही विचारावे. दुसऱ्याच्या उत्तराला जागा ठेवणे ज्याला साधले, त्याचे शिक्षण सार्थकी लागले असे आम्ही समजू.